केसपेपरचं पुढे काय होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात आपण सगळेच कधी ना कधी रांगेत उभे राहिलो आहोत. खिडकीपलीकडचा कारकून नाव, वय, पत्ता विचारतो आणि एक कागद हातात देतो. त्याला आपण केसपेपर म्हणतो. डॉक्टर त्यावर चार ओळी लिहितात. रुग्ण दाखल झाला की त्या कागदाला तापाचा तक्ता, रक्ताचे रिपोर्ट, नर्सच्या नोंदी असे आणखी कागद जोडले जातात. रुग्ण घरी गेला की डिस्चार्ज कार्ड त्याच्या हातात पडतं आणि बाकीचा गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये जातो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशाच एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. लोक विचारत, ‘‘तुम्ही तिथं नेमकं करता काय?’’ मी म्हणत असे, ‘‘गठ्ठे सांभाळतो.’’ उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

कारण एका माणसाचा केसपेपर ही त्या माणसाची कहाणी असते. पण लाखभर केसपेपर एकापुढे एक मांडले तर त्यांतून वेगळंच काही दिसू लागतं. कुठल्या रुग्णालयात एकाच आजाराचे रुग्ण जास्त दगावतात? कुठल्या गावात गरज नसताना शस्त्रक्रिया होतात? औषध चांगलं असूनही ते योग्य माणसापर्यंत का पोचत नाही? असे प्रश्न विचारणाऱ्या शास्त्राला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. अमेरिकेत १९८८ सालापासून रुग्णालयांतल्या नोंदींचा एक राष्ट्रीय नमुना जमवला जातो. त्यात दर वर्षी सुमारे सत्तर लाख भरती रुग्णांच्या नोंदी असतात. इंग्लंडमध्ये १९८९ पासून सरकारी आरोग्यसेवेतल्या प्रत्येक भरतीची नोंद एका ठिकाणी साठते. एवढं ऐकलं की आपल्याला वाटतं, ही संगणकाची करामत. पण या नोंदवह्यांचा इतिहास संगणकाच्या फार आधी सुरू होतो, आणि त्यात यंत्रांपेक्षा माणसांची भांडणं जास्त आहेत.

सुरुवात करू या शाळेच्या पुस्तकातून ओळखीच्या झालेल्या एका बाईपासून. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला ठाऊक असते. १८५४च्या नोव्हेंबरात ती इस्तंबूलजवळच्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. तिथं घाण होती, उवा होत्या, गटारं तुंबली होती. हे सारं आपण वाचलेलं असतं. पण तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी धड्यात नसते. मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तिथं एकाहून अधिक रजिस्टरांत होत्या आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माणसं किती मेली हेच जिथं कुणाला सांगता येत नाही, तिथं ती कशानं मेली हे कोण सांगणार? लंडनला परतल्यावर ती विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर कामाला लागली. लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे तिनं आकृत्या काढून दाखवलं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य.

मग तिनं नागरी इस्पितळांकडे मोर्चा वळवला. तिची मागणी साधी होती. सगळ्या इस्पितळांनी एकच तक्ता भरावा, रोगांची नावं सगळ्यांनी एकच वापरावीत. वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, वर्षभरात किती आले, किती बरे झाले, किती मेले आणि सरासरी किती दिवस राहिले, हे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहावं. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तिचा हा तक्ता मांडला गेला. लंडनमधल्या काही इस्पितळांनी तो भरूनही पाहिला. पण रोगांच्या नावांवरून वाद झाले, तक्ते भरायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, आणि थोड्या वर्षांत उत्साह ओसरला.

याच काळातली एक चूक मला नेहमी आठवते. नाइटिंगेलच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १८६३ साली निघाली. फारच्या आकड्यांवरून तिनं त्यात छापलं, की लंडनच्या चोवीस इस्पितळांत मृत्यूचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे! डॉक्टरमंडळी खवळली. झालं होतं असं, की वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी इस्पितळात असलेल्या रुग्णांच्या संख्येनं भागलं होतं. आता समजा, शंभर खाटांच्या इस्पितळात वर्षभरात हजार रुग्ण येऊन गेले आणि नव्वद दगावले. हजारांत नव्वद म्हणजे नऊ टक्के. पण एका दिवशी खाटांवर असलेल्या शंभरांनी भागलं तर तेच नव्वद टक्के होतात. मृत्यू तेवढेच, बदलला तो भाजक. नाइटिंगेलची मागणी बरोबर होती, हा हिशेब चुकीचा होता. आणि चुकलेल्या हिशेबामुळे बरोबर मागणीचंही नुकसान होतं, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आजही वर्तमानपत्रात ‘अमुक रुग्णालयात इतके मृत्यू’ असा मथळा वाचला, की माझा पहिला प्रश्न असतो, कितीपैकी?

रोगांच्या नावांचं भांडण मिटायला आणखी वेळ लागला. १८९३ साली शिकागोच्या सभेत झाक बर्तियों या फ्रेंच तज्ज्ञानं मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. ती देशोदेशी स्वीकारली गेली, दर काही वर्षांनी सुधारली गेली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती आपल्याकडे घेतली आणि तेव्हापासून तिच्यात मृत्यूंबरोबर जिवंत माणसांच्या आजारांनाही पुरती जागा मिळाली. तिची अकरावी सुधारित आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे. प्रत्येक आजाराला एक सांकेतिक क्रमांक. सोलापूरचा मधुमेह आणि स्टॉकहोमचा मधुमेह एकाच क्रमांकाखाली यावा, हा त्यामागचा हेतू.

यादी जगाची असली तरी लिहिणारा हात आपल्याच वॉर्डातला असतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये मृत्यूच्या कारणापुढे सर्रास लिहिलेलं असे, ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्यामुळे’. अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! क्षयानं गेलेल्याची, बाळंतपणात गेलेल्या बाईची, ट्रकखाली आलेल्याचीही. हे मृत्यूचं कारण नव्हे, हे फक्त मृत्यूचं वर्णन झालं. नियमही तेच सांगतो. पण रात्री दोन वाजता पन्नास रुग्ण सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरला मूळ आजार शोधून लिहायला वेळ कुठला? आम्ही कागद परत पाठवायचो, तो दुसऱ्या दिवशी तसाच यायचा. नंतर नंतर आम्हीही पाठवणं सोडून दिलं. ही चूक आमचीच, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

आता मी तुम्हाला बोस्टनच्या एका शल्यविशारदाकडे नेतो. त्याचं नाव अर्नेस्ट अमोरी कॉडमन. जन्म १८६९चा. नावाजलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तो काम करत होता. त्याच्या डोक्यात एकच विचार घोळत असे. आपण शस्त्रक्रिया करतो, रुग्ण घरी जातो, आपण समजतो तो बरा झाला. पण पुढे काय झालं? वर्षभरानं त्याला बोलावून पाहिलं पाहिजे. त्यानं प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड केलं. काय आजार वाटला, काय केलं, वर्षानंतर स्थिती काय, आणि बरा झाला नसेल तर चूक कुणाची. शस्त्रक्रिया करणाऱ्याची, निदानाची, व्यवस्थेची, की आजारच हाताबाहेरचा होता?

वरिष्ठांना हे मानवलं नाही. तिथं बढती कामाच्या परिणामांवर नव्हे, सेवेच्या वर्षांवर ठरत असे. १९१४ साली कॉडमननं राजीनामा दिला. १९११ सालीच त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यानं पुस्तक करून छापला आणि त्यात स्वतःच्या रुग्णालयातल्या १२३ चुका कबूल केल्या. अशी चुकांची यादी स्वतःहून छापणारं दुसरं रुग्णालय तेव्हा शोधून सापडलं नसतं. दरम्यान १९१५ साली एका सभेत त्यानं बोस्टनच्या श्रीमंत वस्तीची आणि डॉक्टरांची टर उडवणारं एक मोठं व्यंगचित्र भर सभेत उघडं केलं. त्यानंतर मित्र दुरावले, रुग्ण कमी झाले, प्राप्ती घटली. १९४० साली तो वारला. त्याच्या दफनस्थळी नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ साली, त्याच्याच क्षेत्रातल्या मंडळींनी बसवला.

कॉडमनच्या आग्रहाचा एक परिणाम मात्र झाला. अमेरिकेतल्या शल्यविशारदांच्या संघटनेनं रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले. प्रत्येक रुग्णाची नीट नोंद हवी, हा त्यांतला एक. शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली आणि निकषांना उतरली फक्त ८९. नापास झालेल्यांत देशातली मोठमोठी नावं होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात बैठक भरली होती. यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती त्याच हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. माहिती नसणं ही एक अडचण. पण माहिती असून ती सोसवत नाही, ही त्याहून मोठी. या इतिहासात ती पुन्हा पुन्हा भेटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं आली. १९५०च्या दशकात मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर इथं एक संस्था उभी राहिली. शेकडो रुग्णालयं घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा एकपानी गोषवारा तिथं पाठवू लागली. त्यावरून कार्डांना भोकं पाडली जात आणि यंत्र ती मोजून तक्ते छापत असे. १९६०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये डोनाल्ड अॅचेसन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या भरती, आणि शेवटी त्याच्या मृत्यूची नोंद, हे सगळं जोडून पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला विचाराल तर हेच सगळ्यांत अवघड. आमच्याकडे एक बाई तीनदा दाखल झाली होती. पहिल्यांदा माहेरच्या नावानं, दुसऱ्यांदा सासरच्या, तिसऱ्यांदा मुलानं सांगितलेल्या घरातल्या नावानं. वय एकदा ४५, एकदा ‘अंदाजे ५०’, एकदा ४२. आमच्या हिशेबात त्या तीन बाया होत्या, आणि तिघीही एकेकदाच येऊन बऱ्या होऊन गेलेल्या! वास्तविक एकच बाई पुन्हा पुन्हा आजारी पडत होती.

नोंदी जोडता आल्या की काय दिसतं, याचं उत्तम उदाहरण व्हरमाँट या अमेरिकेतल्या छोट्या, डोंगराळ राज्यातलं. जॉन वेनबर्ग नावाचे तरुण डॉक्टर १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथं रुग्णालयांच्या नोंदी जमवू लागले. अपेक्षा अशी, की दूरच्या खेड्यांना सेवा कमी मिळत असेल आणि ती कुठं कमी आहे ते कळेल. निघालं भलतंच. राज्याचे त्यांनी तेरा रुग्णालय-विभाग पाडले. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण एका विभागात दहा हजार लोकसंख्येमागे १३, तर दुसऱ्यात १५१! हवा तीच, लोक तसेच, मुलं तशीच. वेनबर्ग यांचं स्वतःचं घर दोन गावांच्या शिवेवर होतं. एका गावात पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी सुमारे वीस टक्क्यांचे टॉन्सिल काढलेले होते, शेजारच्या गावात सत्तर टक्क्यांचे. त्यांची मुलं कुठल्या गावच्या शाळेत जातात, यावर त्यांच्या गळ्याचं भवितव्य ठरत होतं म्हणा ना!

लक्षात घ्या, इथं भाजक बदलला होता. वेनबर्ग यांनी रुग्णालयातल्या रुग्णांनी नव्हे, त्या भागात राहणाऱ्या सगळ्या लोकांनी भागलं. नाइटिंगेलच्या वेळी जो भाजक चुकला होता, तो शंभर वर्षांनी नेमका सापडला. त्यांचा लेख वैद्यकीय नियतकालिकांनी परत पाठवला. अखेर १९७३च्या डिसेंबरात तो ‘सायन्स’मध्ये छापून आला. सगळ्यांत जास्त शस्त्रक्रिया होणाऱ्या भागातल्या डॉक्टरांसमोर जेव्हा हे आकडे ठेवले, तेव्हा त्यांनी आपण होऊन फेरविचार केला आणि तिथलं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. हे आकडे जाळले गेले नाहीत, वाचले गेले. त्यामुळे किती मुलांची विनाकारण चिरफाड टळली असेल!

यानंतर नोंदींमध्ये पैसा शिरला. येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी रुग्णांचे, त्यांना लागणाऱ्या खर्चानुसार गट पाडण्याची पद्धत तयार केली होती. १९८३ साली अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेनं ठरवलं, की वृद्ध रुग्णाच्या भरतीचे पैसे रुग्णालयाला या गटानुसार मिळतील. एका रात्रीत रेकॉर्ड रूमचं महत्त्व वाढलं. पूर्वी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्या नोंदणीसांच्या लेखणीवर रुग्णालयाचं उत्पन्न ठरू लागलं. नोंदी पूर्ण होऊ लागल्या, वेळेवर होऊ लागल्या, हा फायदा. पण साध्या न्यूमोनियाऐवजी जरा अवघड न्यूमोनिया लिहिला तर जास्त पैसे मिळतात, हेही लोकांच्या ध्यानात आलं. कागदावर रुग्ण वर्षागणिक जास्त आजारी दिसू लागले. म्हणून अशा नोंदींवर संशोधन करणाऱ्याला पहिल्यांदा विचारावं लागतं, की ही नोंद कुणी, कशासाठी केली होती?

आता या इतिहासातलं सगळ्यांत दुःखद पान. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९८४ ते १९९५ या काळात लहान बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत असत. १९८८ साली तिथं रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांना शंका आली, की बाळं जास्त दगावताहेत. ते स्वतःच आकडे जमवू लागले, वरिष्ठांना सांगू लागले. त्यांचं स्वागत कसं झालं असेल, हे कॉडमनची गोष्ट ऐकल्यावर वेगळं सांगायला नको. पुढे ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. अखेर सरकारनं सर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. तिचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथं, इतर केंद्रांच्या मानानं, एक वर्षाखालची तीस ते पस्तीस बाळं जास्त दगावली होती.

हा आकडा कुठून काढला? त्यासाठी वापरलेल्या माहितीत इंग्लंडच्या त्या राष्ट्रीय नोंदसंग्रहाचाही वाटा होता. म्हणजे बाळं मरत होती त्याच वेळी त्यांच्या नोंदी त्या संग्रहात जाऊन पडत होत्या. ‘कारकुनी माहिती’ म्हणून डॉक्टर तिच्याकडे तुच्छतेनं बघत. ब्रिस्टलमध्ये माहितीचा तुटवडा नव्हता. ती पाहणं हे कुणाचं काम आहे, हेच ठरलेलं नव्हतं. मी हा अहवाल वाचला तेव्हा दोन दिवस मला आमच्या रेकॉर्ड रूमकडे नीट बघवेना. आमच्या गठ्ठ्यांत असं काय काय पडून असेल, कुणास ठाऊक.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्क राज्याचं. तिथल्या आरोग्य खात्यानं १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची नोंद सुरू केली. नुसते मृत्यू मोजले तर अवघड रुग्ण घेणारा शल्यविशारद बदनाम होतो, म्हणून रुग्ण आधीच किती आजारी होता याचाही हिशेब धरला. आकडे जाहीर झाले. एका वर्तमानपत्रानं कोर्टात जाऊन शल्यविशारदांच्या नावानिशी आकडे मिळवले. १९८९ साली शंभरांत ३.५२ रुग्ण दगावत, १९९२ साली २.७८. डॉक्टर अवघड रुग्णांना टाळू लागतील, ही तक्रार तेव्हा झाली आणि अजून होते. ती अगदीच निराधार नाही. पण आकड्यांकडे पाहिल्यावर व्यवस्था सुधारता येते, एवढं त्यातून दिसलं.

मग सगळ्यांचे सगळे केसपेपर उघडे करून टाकावेत का? थांबा. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी संशोधनासाठी दिल्या गेल्या. नाव, पत्ता काढून टाकला होता. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी ग्वाही दिली, की गुप्तता सुरक्षित आहे. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं वीस डॉलर देऊन गव्हर्नर राहत त्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. त्यांच्या जन्मतारखेची तिथं सहा माणसं होती, त्यांत पुरुष तीन, आणि त्या पिनकोडात राहणारा एकच. झालं, गव्हर्नरसाहेबांचा केसपेपर तिच्या हाती! नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला जात नाही. इंग्लंडमध्येही दवाखान्यांतल्या नोंदी एकत्र करण्याची एक मोठी योजना लोकांचा विश्वास न मिळाल्यानं २०१४ साली थांबवावी लागली आणि २०१६ साली ती कायमची बंद झाली.

विश्वासाचा दुसरा धडा कोरोनानं दिला. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकात एक लेख आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण, आणि निष्कर्ष असा, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घेणारे जास्त दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन दिवसांत त्या औषधाची चाचणी थांबवली. मग कुणीतरी साधी बेरीज तपासली. एका ठरावीक तारखेपर्यंत ऑस्ट्रेलियात झालेल्या एकूण कोरोना-मृत्यूंपेक्षा जास्त मृत्यू या लेखातल्या ऑस्ट्रेलियन रुग्णालयांत दाखवले होते! मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर माहिती पुरवणाऱ्या कंपनीनं त्या दाखवल्या नाहीत. ४ जूनला लेख मागे घेतला गेला. पुढे दुसऱ्या, नीट केलेल्या चाचण्यांतूनही त्या औषधाचा उपयोग नाही असंच निघालं, ती गोष्ट वेगळी. पण केसपेपर कुठं आहे, हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

आणि आपल्याकडे? आपली परंपरा अगदीच कोरी नाही. १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं कर्करोगाची नोंदणी सुरू केली. एका अख्ख्या शहराच्या लोकसंख्येतले सगळे रुग्ण मोजणारी देशातली ती पहिली. शहरात हे जमलं, कारण रुग्ण रुग्णालयात येतात. खेड्यातला माणूस येतच नाही, मग त्याचा कागद बनणार कसा? याचं उत्तर १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं दिलं. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशयितांना तपासणीला आणलं आणि पुढे घरी जाऊन विचारपूसही केली. परिणाम असा, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. नोंदवहीनं नुसतं मोजलं नाही, माणसं वाचवायला हातभार लावला. कॉडमन बोस्टनमध्ये जो प्रश्न विचारत होता, तो इथं बार्शीच्या वाड्या-वस्त्यांवर विचारला गेला.

आता आपल्याकडेही मोठे संग्रह तयार होताहेत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. प्रत्येक शस्त्रक्रियेच्या मंजुरीची आणि बिलाची नोंद संगणकावर होते. २०२१ पासून देशभर आरोग्यखात्याचा चौदा अंकी क्रमांक दिला जातो आहे. म्हणजे आमच्या त्या ‘तीन बाया’ पुन्हा एक होण्याची सोय झाली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. साधनं आली आहेत. पण बिलासाठी केलेली नोंद बिलाच्या भाषेत बोलते, हे अमेरिकेचं शिक्षण आपण विसरू नये. जो रुग्ण पॅकेजच्या यादीत बसत नाही, जो भाड्याला पैसे नाहीत म्हणून तालुक्याला पोचतच नाही, तो या संग्रहात नाही. आणि ‘हृदयक्रिया बंद’ हे कागदावर लिहिलं काय नि संगणकावर लिहिलं काय, अर्थ तेवढाच.

माझी नोकरी संपून बरीच वर्षं झाली. आता कुणी विचारलं, की सामान्य माणसानं यात काय करावं, तर मी तीन गोष्टी सांगतो. केसपेपर काढताना नाव आणि जन्मतारीख दर वेळी एकच सांगा. डिस्चार्ज कार्ड फेकू नका, आणि आपल्या माणसाच्या आजाराचं नाव त्यावर स्पष्ट लिहून मागा. आणि एखादी मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना अदबीनं एवढंच विचारा, ‘‘डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया केलीत, त्यांचं पुढे काय झालं?’’ काही डॉक्टर रागावतील. काही गप्प बसतील. पण एखादा उठेल, कपाट उघडेल आणि पाहू लागेल. नाइटिंगेलपासून बार्शीपर्यंत जे काही झालं, ते अशा कुणीतरी कपाट उघडल्यामुळेच झालं.